नांग्या भरणे

१

आमचा ड्रायव्हर सोमनाथ रोज सकाळी पुंडलिकनगरात आमच्या दाराशी बोलेरो उभी करायचा, हॉर्न एकदाच द्यायचा, आणि मी बूट हातात घेऊनच जिना उतरायचे. बाबा गॅलरीतून विचारायचे, "चहा?" मी म्हणायचे, "डोंगरावर." हे संभाषण इतकं ठरलेलं होतं, की एखाद्या दिवशी आम्ही ते केलं नसतं तर शेजारी चौकशीला आले असते.

आमच्या सेलूकरांच्या घराण्याचा झाडांशी संबंध आला तो तुळशीपुरता. आजोबा पूजा सांगायचे, बाबा कारकुनी करून निवृत्त झाले. मी वनक्षेत्रपाल होऊन खाकी घातली तेव्हा बाबा म्हणाले, "चला, घरात कोणीतरी उन्हात जाणारं निघालं." पण पहिल्या दिवशी डोक्याला बांधायला स्वतःचा लाल काठाचा पंचा त्यांनीच काढून दिला. तो मी रोज बांधायचे. लांबून माणसं मला त्या पंच्यावरूनच ओळखायची.

माझा डोंगर फुलंब्रीच्या पुढे. 'माझा' म्हणते, कारण तसं म्हटल्याशिवाय मला राहवत नाही. नाव बोडका डोंगर, आणि मी रुजू झाले तेव्हा तो नावाला जागून होता. खडक, कुसळं आणि पायथ्याला एक बाभूळ. तीन पावसाळ्यांत आम्ही तिथं अंजन, कडुनिंब, आवळा, खैर उभा केला. मागच्या हिवाळ्यात चिंकाऱ्याची जोडी परत आली, आणि बद्रीनाथला, म्हणजे आमच्या वनरक्षकाला, मी आनंदानं मिठी मारायचीच बाकी ठेवली होती. तो बिचारा दोन पावलं मागे सरकला होता.

पण डोंगराच्या पाठीला खडी क्रशरवाले टपून बसले होते. जूनमध्ये मूल्यांकन समिती येणार होती. तिला रोपं जगलेली दिसली तर बोडका डोंगर संवर्धन राखीव होणार, नाही तर त्याला सुरुंग लागणार. मला रात्री झोपेतसुद्धा सुरुंगाचे आवाज यायचे.

लागवडीत रोप मेलं की ओळीत रिकामी जागा पडते, तिला नांगी म्हणतात. तिथं नवं रोप लावणं म्हणजे नांग्या भरणं. मला नांगीचा मनापासून राग यायचा. म्हणून पायथ्याला मी एक पिवळा बोर्डच रंगवून घेतला, 'या डोंगरावर एकही जागा रिकामी राहणार नाही.' आशाबाई ही आमच्याकडच्या बायकांची मुकादम. तिला तो वाचून दाखवला तर तिनं बोर्डाला हातच जोडले.

"डोंगराला बोललात मॅडम," ती म्हणाली. "आता पाळावं लागंल."

मी हसले. पण त्यानंतर बायका नांगी भरताना मूठभर माती टाकून म्हणायला लागल्या, "रिकामं नाय ठिवत रे बाबा." मला ते इतकं आवडलं की मीही म्हणायचे.

आमच्या कामात एक नियम आहे. वाळलेलं दिसणारं प्रत्येक रोप मेलेलं नसतं. अंजन, आवळा उन्हाळ्यात पानं टाकून नुसत्या काड्या होऊन उभे राहतात. नखानं साल जरा खरवडून बघायची. आत ओलं, हिरवं दिसलं तर ते जिवंत आहे, त्याची वाट बघायची. त्या एप्रिलमध्ये मला वाट बघायला वेळ नव्हता. समितीला काड्या दाखवून कसं चालणार?

"नख लावत बसू नका," मी सगळ्यांना सांगितलं. "वाळलेलं दिसलं की उपटा. नांगी धरा."

२

दिवसभर आम्ही काड्या उपटल्या आणि रिकाम्या खड्ड्यांभोवती चुन्याची फक्की टाकली. दुसऱ्या दिवशी रोपवाटिकेतून ट्रॅक्टर भरून रोपं घेऊन गेलो, तर वरच्या ओळींत फक्कीच्या प्रत्येक रिंगणात रोप उभं होतं. हिरवंगार, पानन् पान टवटवीत.

"आशाबाई, काल संध्याकाळी थांबलात की काय?"

"म्या? म्या तर तुमच्या गाडीतच आले न्हवं का," आशाबाई म्हणाली. "बद्रीनाथ भाऊनं लावली असतील."

बद्रीनाथला वाटलं होतं की ती आशाबाईनं लावली. मला मात्र कोणी लावली याच्याशी देणंघेणं नव्हतं, मी नाचायच्या बेतात होते. एका दिवसाचं काम फुकटात झालं होतं.

मग ते अंजन दिसलं. आदल्या दिवशी त्या जागेवरची काडी मी स्वतः उपटली होती. तिचा शेंडा बकरीनं तिरका खाल्लेला होता आणि बुडापाशी एक गाठ होती. मला ती चांगली आठवत होती, कारण तिच्यावरून मी एका बकरीवालीशी कडाकडा भांडले होते. नव्या रोपाचा शेंडाही तिरका खाल्लेला होता. बुडापाशी तशीच गाठ होती.

उपटलेली काडी बांधावर पडलेली सापडली. मी ती रोपाशेजारी धरली. वळण तेच, गाठ तीच. एक वाळलेलं आणि एक हिरवं, एवढाच फरक. सवयीनं मी काडीवर नख ओढलं. आत ओलं होतं.

ते बघून मला वाईट वाटलं, हे खरं. पण उपटून रात्र उलटलेली काडी पुन्हा कुठं लावणार? ती मी खाली ठेवली आणि नव्या रोपाला तांब्याभर पाणी घातलं.

पाणी आळ्यात तसंच उभं राहिलं. आमच्याकडच्या मुरमात एप्रिलचं पाणी ओतता ओतता गडप होतं. मी वाट बघितली, दुसरी ओळ फिरून आले, दुपारची भाकरी खाल्ली. आळं काठोकाठ भरलेलंच होतं, आणि त्यात आभाळ दिसत होतं.

खाली चिकणमातीचा थर असेल, असं मी स्वतःला सांगितलं. एकाच झाडाचं बियाणं असलं की रोपं सारखी दिसतात, हेही सांगितलं. गाठीचं काय, ते सांगायचं मी टाळलं. संध्याकाळी पायथ्याला उतरून वर बघितलं तर ओळी अशा भरलेल्या दिसत होत्या की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

३

आमच्या डोंगरावर टँकर चढत नाही. तो पायथ्याला थांबतो आणि बायका चढावर साखळी धरून उभ्या राहतात. भरलेले प्लास्टिकचे हंडे हातोहात वर येतात. सगळ्यात वर मी उभी राहायचे. साहेबांनी असे हंडे उचलायचे नसतात म्हणे, पण मला ती जागा कोणाला द्यायची नव्हती. वरून सगळी साखळी दिसते, आणि हंडा हातात आला की पार खालपर्यंतच्या बायकांची चाल हाताला कळते. एक जण जरी कमी असली तरी दोघींमधलं अंतर वाढतं, हंडा अडखळतो.

अपेक्षा आमच्यातली सगळ्यात तरुण आणि सगळ्यात बोलकी. तिला आठवा सरत आला होता. मी तिला कधीची घरी बस म्हणत होते, तर ती म्हणायची, "घरी बसून तरी पाणीच भरायचंय, मॅडम. हितं निदान गप्पा हायत." म्हणून तिला साखळीच्या मध्यावर, मोठ्या धोंड्याच्या सावलीत उभं केलं होतं. तिच्या डाव्या मनगटावर तव्याचा चटका लागल्याचा आडवा डाग होता. हंडा पुढं देताना तो दरवेळी दिसायचा.

एप्रिलच्या शेवटी तिचा भाऊ येऊन तिला कन्नडला माहेरी घेऊन गेला. आशाबाईनं बाळासाठी कुंची शिवायला घेतली होती, तिचं कापडही अपेक्षाला दाखवून झालं.

"आज एक कमी हाय गं," सकाळी आशाबाईनं हाळी दिली. "जरा पांगून उभ्या ऱ्हावा."

मी वर हात पुढे करून उभी राहिले. पहिला हंडा आला, दुसरा आला. साखळी कुठंच अडखळली नाही. उलट इतकी सरळ चाल मी कधी बघितली नव्हती, हंडे जणू स्वतःहून चढत होते. मला तर चेव आला. दुपारपर्यंत आम्ही दोन दिवसांचं पाणी घातलं.

जेवायला बसल्यावर मी तनुजाला विचारलं. तिची जागा धोंड्याच्या लगेच वर. "तू आज हंडा घ्यायला खाली उतरत होतीस का गं?"

"नाय की. जागच्या जागी भेटत होता."

"कोणाकडून?"

"खालचीकडून."

"खालची कोण?"

तनुजा हसायला लागली. "आता मॅडम, मान वर काढायला सवड असती का? हात आले, हंडा घेतला."

तांब्या गोल फिरत होता आणि प्रत्येक जण घटाघटा पाणी पीत होती. सगळे चेहरे ओळखीचे होते. जास्तीचं कोणीही नव्हतं. वाडीतली कोणीतरी हौसेनं येऊन गेली असेल, असा मी निष्कर्ष काढला. ऐन उन्हाळ्यात हौसेनं हंडे उचलायला कोण येतं, हा प्रश्न मला बोलेरोत बसल्यावर पडला.

४

मे महिन्यात एका दुपारी मी वर उभी असताना फोन वाजला. व्हिडिओ कॉल होता. आधी नुसता पंखा दिसला, मग अपेक्षाचं सगळं हसू, आणि मग कापडात गुंडाळलेलं एक लालबुंद तोंड.

"पोरगी झाली मॅडम. बघा, नाक तुमच्यावानी हाय."

"अरेरे, बिचारीचं कसं होणार," मी म्हणाले, आणि आनंदानं अक्षरशः उडी मारली. साखळीकडे वळून ओरडले, "अगं ऐका, अपेक्षाला मुलगी झाली."

एकीनंही मान वर केली नाही. हंडे येत राहिले. आणि तेव्हा मला धोंड्याजवळची बाई दिसली.

ऊन इतकं होतं की डोंगर पांढरा पडला होता, म्हणून मी आधी डोळे पुसले. धोंड्याच्या सावलीत एक जण उभी होती. पदर नाकापर्यंत ओढलेला, पोट पुढे आलेलं. ती खालून हंडा घेत होती, पोटाला लागू नये म्हणून जरा बाजूनं वळवत होती आणि वर देत होती. अपेक्षा अगदी असाच वळवायची.

"मॅडम?" फोनमधून आवाज आला. "माझ्या जागेवर कुणाला घेतलंत का?"

"कोणालाच नाही," मी म्हणाले. फोन मी छातीशी धरला होता, म्हणजे त्यातून तिला काही दिसायला नको.

"बरं हाय. सव्वा महिना झाला की म्या येतीच."

फोन ठेवून मी खाली उतरले. खरं सांगते, मला परत फिरावंसं वाटत नव्हतं. चिंकारा पहिल्यांदा दिसला तेव्हा असंच झालं होतं. श्वास धरायचा आणि पुढे जायचं.

धोंड्याशी पोचले. तिची हनुवटी दिसत होती, ती अपेक्षाचीच होती. पण अपेक्षा घडीभर गप्प बसत नाही, आणि ही हनुवटी हलत नव्हती. डाव्या मनगटावर आडवा डाग होता. तिच्या बांगड्या हंड्याला लागत होत्या, आणि त्यांचा आवाज येत नव्हता.

मला सुचलं तेच मी केलं. कमरेची बाटली तांब्यात रिकामी केली आणि तांब्या तिच्यापुढे धरला. "घे, पाणी पी."

तिनं दोन्ही हातांनी तांब्या घेतला, पोटाला लागू नये म्हणून बाजूनं वळवला आणि वर तनुजाला दिला. तनुजानं तो पुढं दिला. माझा तांब्या एकेका हातातून डोंगर चढत गेला आणि कोणीही त्यातला घोट घेतला नाही.

मी आशाबाईला बाजूला घेतलं. "अपेक्षा कधी आली?"

"गेलतीच कुठं?"

"अहो, माहेरी. तुम्ही कुंची शिवताय ना तिच्या बाळाला?"

आशाबाईनं मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. "अजून तर तिला महिना हाय की. तुम्ही सावलीत बसा बरं मॅडम. ऊन लई हाय."

मी बसले. शेजारी ते शेंडा खाल्लेलं अंजन होतं. लावल्यापासून त्याला एकही नवं पान फुटलं नव्हतं आणि एकही गळलं नव्हतं. आळ्यातलं पाणी तसंच होतं.

५

समिती आली त्या दिवशी मी इतकी धावपळ केली की बद्रीनाथ म्हणाला, "मॅडम, तुम्ही बसा, डोंगर कुठं पळून नाय जायला." तिघे जण ओळीओळींतून फिरले. त्यांतल्या निशा मॅडमनी एका कडुनिंबाचं पान उलटं करून बघितलं.

"वाढ बेताचीच दिसते," त्या म्हणाल्या. "पण मरतूक अजिबात नाही हो तुमच्याकडे. कसं जमवलंत?"

माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. मग डोंगरापलीकडे क्रशर खडखडला, आणि मी म्हणाले, "बायकांची मेहनत आहे, मॅडम."

जमलं. समितीनं शिफारस केली, आता फक्त नागपूरला वरिष्ठांपुढे सादरीकरण राहिलं होतं. ते मीच करायचं होतं, कारण डोंगर माझा होता. आनंदानं मला बसवत नव्हतं. पण एवढ्या दिवसांत मला एक गोष्ट नीट कळली होती. तिथं मेलेलं आणि नुसतं लांब गेलेलं यांत कोणी फरक करत नव्हतं. फरक करू नका, असं मीच सांगितलं होतं. आणि रुजू झाल्यापासून मी एकही दिवस डोंगर चुकवला नव्हता.

जायच्या आदल्या संध्याकाळी मी बाबांना सगळं सांगितलं. ते टर उडवतील असं वाटलं होतं. ते चष्मा पुसत राहिले.

"मग जाऊ नकोस," ते म्हणाले.

"नाही गेले तर डोंगर जातो."

"आणि गेलीस तर?"

"तर तुम्हाला चहा नको म्हणणारी दुसरी मिळेल."

बाबा हसले नाहीत. उठून त्यांनी दोरीवरचा लाल काठाचा पंचा काढला, घडी घातली आणि माझ्या बॅगेत ठेवला. "हा इथं ठेवू नकोस. सोबत ने."

नागपूरला मी बोलले ते मन लावून बोलले. चिंकाऱ्याचे फोटो दाखवले, बायकांची साखळी दाखवली. शेवटी साहेबांनी मान हलवली आणि म्हणाले, "झालं समजा." मी बाहेर व्हरांड्यात आले, भिंतीला टेकले आणि रडले. सुरुंग लागणार नव्हता. चिंकारा राहणार होता. मग मी बद्रीनाथला फोन लावला.

"बद्रीनाथ, झालं! राखीव झाला आपला डोंगर!"

पलीकडे हंड्यांचा आवाज येत होता. "कोण बोलतंय?"

"कोण म्हणजे? मी, मृण्मयी सेलूकर."

"गंमत करता का बाई," तो म्हणाला. "मॅडम हितंच हायत. वर पाणी घालायल्यात."

६

मी घरी गेलेच नाही. नागपूरच्या गाडीतून उतरले ती थेट फुलंब्रीकडच्या काळी-पिवळीत बसले. पाऊस लांबला होता. रस्त्याकडेची शेतं उघडी पडली होती, आणि त्यांच्या पलीकडे बोडका डोंगर इतका हिरवा दिसला की शेजारचा म्हातारा म्हणाला, "बघा, कुणीतरी जीव लावलाय." माझा ऊर भरून आला. सगळं माहीत असूनही आला.

पायथ्याला टँकर होता, बोलेरो होती. सोमनाथ बॉनेटला टेकून गुटख्याची पुडी फोडत होता. मी बॅग गाडीवर ठेवली तर तो म्हणाला, "ताई, सरकारी गाडी हाय. सामान काढा."

वर बघितलं. साखळी चालू होती. आणि सगळ्यात वर, माझ्या जागेवर, खाकीतली एक बाई हात पुढे करून हंडा घेत होती. तिच्या डोक्याला लाल काठाचा पंचा होता. माझा पंचा माझ्या गळ्यात होता. मी त्याला हात लावून बघितला.

साखळीच्या तोंडाशी आशाबाई होती. "आशाबाई," मी म्हणाले, "मी आले."

ती थांबली नाही. हंडा पुढे देत तिनं माझ्याकडे बघितलं, बाजारात धक्का लागलेल्या माणसाकडे बघतात तसं. "काय काम हाय बाई? मॅडम वर हायत. भेटायचं असलं तर तिकडं सावलीला थांबा."

मी चढायला लागले. एकेकीला नावानं हाक मारली. तनुजानं मला वाट दिली, बस, एवढंच. बद्रीनाथ ओळींतून उतरत होता, तो म्हणाला, "बाई, रोपं तुडवू नका." मी तशीच वर जात राहिले, आणि मग खाकीतल्या बाईनं हंडा ओतून रिकामा केला, उतारावर सोडला आणि पुढच्यासाठी वळली. पंच्याखाली तोंड दिसलं ते निम्मंच. त्याच्यावर आनंद होता. सादरीकरणाला निघायच्या आदल्या दुपारी माझ्या तोंडावर जो होता तो, जसाच्या तसा, न हलणारा.

मी तिथून परत फिरले. कशी उतरले ते आठवत नाही.

"मॅडम," बाभळीखालून कोणीतरी म्हणालं. "हिकडं या. वर नका जाऊ."

अपेक्षा होती. खरी. वाळली होती, डोळ्यांत काजळ होतं, मांडीवर बाळ होतं. मला नावानं नाही तरी हुद्द्यानं ओळखणारं पहिलं माणूस. मी तिच्याजवळ मटकन बसले.

"कधी आलीस?"

"परवा. सव्वा महिना झाला तसं म्हणलं पोरीला दावून आणावं सगळ्यांना. आशामावशी म्हणती, कुणाची गं तू? तनीला हात धरून हलवलं तर हात सोडवून तिनं हंडा घेतला." बोलायची ती थांबली नाही. "मग दिसली मला ती. माझी साडी, माझा डाग. म्हणलं म्याच मेले का काय बाळंतपणात. म्हणून नख लावून बघितलं."

तिनं मनगट पुढे केलं. डागाच्या खाली नखाचा लांब ओरखडा होता, त्यावर खपली धरलेली.

"ओलं हाय, मॅडम," ती म्हणाली. "पण तिथं वर कोण नख लावून बघतंय?"

माझ्या मनगटावर मीही नख ओढलं. पांढरी रेघ उठली आणि हळूहळू लाल झाली. अपेक्षानं ती बघितली आणि माझा हात घट्ट धरला. त्या क्षणी जगातली ती एकटी बाई होती जिला मी हवी होते, आणि मला ती.

"माझ्या पोटात ही होती," ती हळूच म्हणाली. "मग तिच्या पोटात काय हाय?"

मी धोंड्याकडे बघितलं. दोन महिने होत आले होते आणि ते पोट तेवढंच होतं. त्या अंजनाला पान फुटलं नव्हतं, त्याचं आळं पाणी प्यायलं नव्हतं. तिच्या पोटात काही असणं शक्य नव्हतं. ती जागा रिकामी होती. समोर पिवळ्या बोर्डावर माझंच वाक्य होतं, आणि मी ते शब्द न् शब्द वाचलं.

तेवढ्यात बाळ रडलं.

आवाज फार मोठा नव्हता. भुकेलं पोर रडतं तसा. पण डोंगरावर हंड्यांचा आवाज थांबला. इतक्या आठवड्यांत न अडखळलेली साखळी मधोमध तुटली होती. तनुजा हात पुढे करून उभी होती आणि तिच्या हातात काही येत नव्हतं. धोंड्याच्या सावलीत हंडा खाली ठेवलेला होता. त्याच्याजवळ कोणी नव्हतं.

ती उतारावर होती. एक हात कमरेवर, पाऊल तिरकं टाकत, पोटुशी बाई जपून उतरते तशी उतरत होती. तिला घाई नव्हती. अगदी वर खाकीतली बाई तिच्याकडे बघत उभी होती, आणि तिला थांबवत नव्हती.

"ऊठ," मी म्हणाले. "अपेक्षा, ऊठ."

मी पंचा सोडून बाळावर पांघरला, तिच्या दंडाला धरलं आणि आम्ही रस्त्याकडे धावत सुटलो. मागे वळून बघायचं नाही असं मी ठरवलं होतं. बघायची गरजही नव्हती. माझ्या डोंगरावर पहिल्यांदाच एक जागा रिकामी झाली होती, आणि तिथली बाई आमच्या मागून चालत होती.